दातात धरलेलं शिसं

हमीद सरांना घरी जेवायला बोलावणं हे तसं जोखमीचं काम होतं. ताट समोर आलं की माणूस हात धुतो, वाढणाऱ्याकडे बघून हसतो आणि जेवायला लागतो. सर आधी वाटी उचलायचे. भाजी सांडणार नाही इतपत ती कलती करून बूड बघायचे, नखानं टिचकी मारायचे, आवाज विरेपर्यंत कान देऊन बसायचे आणि मग विचारायचे, "ही कुठून घेतली जी? चंद्रपूरची नाई वाटत." तोवर घरची बाई रडकुंडीला आलेली असायची आणि पोळी गार झालेली असायची.

आमच्याकडे ते पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या सासूबाईंनी पितळेच्या पातेल्यात कढी केली होती. कढीच्या बाबतीत सासूबाई कुणाचं ऐकून घेत नसत. सरांनी वाटीचा वास घेतला, "पातेलं पाहू का जरा?" म्हणाले आणि उठून थेट स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. पातेल्याची आतली कल्हई उडालेली होती. परत येऊन त्यांनी कढीची वाटी अलगद बाजूला सारली आणि बाकी सगळं आवडीनं, मागून मागून खाल्लं. सासूबाईंनी त्या दिवशी त्यांचं नाव 'भांडेवाला' ठेवलं. पुढच्या रविवारी भांडेवाला सकाळीच आमच्या अंगणात हजर. सोबत भाता, कोळसे, नवसागर आणि कथलाची कांडी. अंगणात खड्डा खणून त्यांनी घरातलं एकूण एक पितळेचं भांडं कल्हई करून दिलं. मग सासूबाईंना शेजारी बसवून कथलाची कांडी कागदावर घासून दाखवली. "काळी रेघ उठली का आई? नाई उठली ना? उठली असती तं समजायचं, यात शिसं मिसळलं हाय. कथील महाग, शिसं सस्तं. कोनी मिसळते, कोनाले ठावूकच नसते का मिसळेल हाय." सासूबाई विरघळल्या. त्यानंतर बरेच दिवस त्या दारावर येणाऱ्या प्रत्येक फेरीवाल्याची वस्तू कागदावर घासून बघत असत, आणि फेरीवाले आमचं दार टाळत असत.

सरांच्या वडिलांचं चंद्रपूरला कल्हईचं दुकान होतं. लहानपण भाता ओढण्यात गेलं. वडील शेवटी शेवटी पोट धरून बसायचे, आणि त्यांचं उजवं मनगट असं लोंबायचं की हातातला कापसाचा बोळा गळून पडायचा. वायगोळा म्हणून औषधं झाली, बाहेरचं म्हणून उतारे झाले. वडील गेले. सर तेव्हा कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होते, आणि पुस्तकातलं एक पान वाचता वाचता त्यांना एकदम आपल्या घरातला तो हात दिसला. मला हे त्यांनी एकदाच सांगितलं, तेही गृहपाठाच्या वह्या तपासता तपासता. "पान थोडं आधी आलं असतं तं बरं झालं असतं, बाई," एवढंच म्हणाले. मला वाटतं, त्यानंतर या माणसानं कुठलीच गोष्ट उलटी करून बघितल्याशिवाय सोडली नाही.

मी वरोऱ्याची. कापसाच्या गावातून भाताच्या गावात नोकरीला आले. पांढरबोडी हे आमचं गाव मूलहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. मोठा तलाव, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, मासे धरणाऱ्या ढिवरांचा मोहल्ला, मग भाताच्या बांध्या आणि पुढे जंगल. शाळेत मी मराठी शिकवायची, सर विज्ञान. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी शेजारी, त्यामुळे त्यांच्या सगळ्या उठाठेवींचा पहिला त्रास मला. माझ्या वह्यांच्या गठ्ठ्याशेजारी कधी गंजलेलं कुलूप भिजत पडलेलं असे, तर कधी कुणाच्या तरी विहिरीचं पाणी. त्यांच्या खिशात कायम एक लोहचुंबक. सूरजागडच्या खाणीतला लोखंडाचा दगड भरलेले ट्रक रस्त्यावरून जायला लागले, तेव्हा सरांनी शाळेच्या खिडकीवरची लाल धूळ कागदावर झाडली आणि चुंबक फिरवला. त्याला मिशा फुटल्या. "पाहा बाई, डोंगर चालत चालत शाळेत येऊन राह्यला," ते म्हणाले. तो चुंबक मग वर्गभर फिरला, आणि व्याकरणाचा माझा तास बुडाला.

त्यांना घाई कशाचीच नसे. कुणी काही विचारलं की "पाहून घेऊ ना" हे ठरलेलं उत्तर. मुख्याध्यापकांनी विचारलं, "सर, उद्या पाऊस येईल का, सहल काढायची आहे." सर म्हणाले, "पाहून घेऊ ना, उद्या." ज्याची तपासणी झालेली नाही त्याबद्दल तोंडातून अक्षर काढायचं नाही, हा त्यांचा धर्म. रोजे जसे पाळायचे तसाच तोही पाळायचे. मला याचा राग यायचा. माझी पोरगी तापानं फणफणली असताना मी म्हटलं, "सर, काही नाही ना हो हे?" तर म्हणतात, "रक्त पाहिल्याशिवाय कसं सांगू?" धीराचे चार शब्द या माणसाला कुणी शिकवलेच नव्हते.

दर शनिवारी सुकरूभाऊ शाळेत मासे घेऊन यायचे. ढिवर मोहल्ल्यातले हे जुने मासेमार. जाळं फेकावं तर त्यांनीच, असं लोक म्हणत. एका शनिवारी ते माझ्यासाठी मासे तोलत होते, आणि तराजू धरलेला त्यांचा हात मनगटातून खाली गेला. मासे जमिनीवर पडले. "अवंदा असंच होते जी," ते हसत म्हणाले, "हात ऐकतच नाई." मी मासे गोळा करायला वाकले. वर बघते तर हमीद सर त्या मनगटाकडे पाहत उभे.

मग जे प्रश्न सुरू झाले ते सांगायची सोय नाही. पोट दुखतं का, कधीपासून, शौचाला साफ होतं का, किती दिवसांनी होतं. सगळं आम्हा बायकांसमोर. सुकरूभाऊ आधी लाजले, मग चिडले, मग सांगू लागले. पोटात मुरडा येतो, आठ आठ दिवस साफ होत नाही. आणि माझं काय घेऊन बसले, म्हणाले, घरात मंगलाचं दुःख आहे. मंगला त्यांची लेक. लग्न होऊन मूलजवळच्या गावात दिली होती. दोन वेळा दिवस गेले, दोन्ही वेळा पोटातच गेलं. आता तिसऱ्यांदा दिवस होते आणि सासूनं तिला माहेरी पाठवून दिलं होतं. सोबत निरोप होता, लेकरू घेऊन आली तर ये, नाही तर तिकडेच राहा. नवरा गरीब, आईसमोर तोंड न उघडणारा.

सुकरूभाऊ गेल्यावर सरांनी जमिनीवर राहिलेला एक मासा उचलून माझ्या पिशवीत टाकला. मग म्हणाले, "बाई, माह्या अब्बाचा हात असाच होता. हे शिसं हाय. पण ढिवराच्या घरात शिसं कुठून पोटात जाईन?"

जाळ्याला शिशाचे मणी असतात हे त्यांना ठाऊक होतंच. फेकायच्या जाळ्याच्या काठाला ते लावतात, म्हणजे जाळं पाण्यात पटकन बुडतं. सरांनी मोहल्ल्यात जाऊन ते जाळं हातात घेऊन बघितलं, मणी दाबून बघितले, आणि सोडून दिलं. घट्ट धातू नुसता हाताळल्यानं कातडीतून आत जात नाही, असं त्यांचं म्हणणं. एकाच घरात बाप आणि लेक दोघं आजारी, चौकशी केली तर शेजारच्या घरातही पोटदुखी, म्हणजे सगळ्यांमध्ये समान काय? पाणी. मोहल्ल्यातला हँडपंप. झालं. सरांनी बाटल्या भरल्या, चंद्रपूरला एका जुन्या विद्यार्थ्याकडून तपासायला पाठवल्या, आणि उत्तर येईपर्यंत या पंपाचं पाणी पिऊ नका म्हणून घरोघर सांगून आले. बायांनी ऐकलं. शिकलेला माणूस आहे, काही तरी असेल. भर उन्हात त्या पाळीपलीकडच्या विहिरीवरून पाणी आणू लागल्या.

पाणी निर्मळ निघालं. साप साप म्हणून भुई धोपटली गेली होती.

सर मला म्हणाले, "बाई, तुम्ही चला माह्यासंगं. माफी मागायची हाय. एकटा गेलो तं त्या मले पंपालेच बांधतीन." मी गेले. खरं सांगायचं तर मला मजा बघायची होती. मजा झालीच. सुकरूभाऊंच्या बायको पार्बताबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "सर, तुमच्या मस्तकात किडा हाय का जी? आमच्या माना मोडल्या न पाणी आनून आनून." बाकीच्या बायाही तुटून पडल्या. सर मान खाली घालून ऐकत होते. सगळ्यांचं बोलून झाल्यावर ते पंपाशी गेले, लोटा भरला आणि सगळ्यांदेखत गटागटा प्याले. "चुकलो," म्हणाले. बाया हसल्या. पार्बताबाईंनी बाज टाकली, चहा ठेवला.

चहा होईपर्यंत सर इकडे तिकडे बघत होते. समोर मांडवाखाली मंगला जाळं घेऊन बसली होती. सहावा महिना असेल. बारीक, पांढुरकी पडलेली पोर, पण हात इतके चपळ की नजर ठरत नव्हती. शेजारी शिशाच्या चपट्या तुकड्यांचा ढीग. रस्त्यावरच्या गॅरेजात ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या फोडतात, तिथलं शिसं हे लोक विकत आणायचे, चुलीवर लोखंडी कढल्यात वितळवायचे आणि ओतून तुकडे पाडायचे. मंगलानं एक मूठ तुकडे उचलले आणि तोंडात टाकले. गालात धरले. मग जिभेनं एकेक पुढे आणायची, दोरीवर ठेवायची आणि दाढेखाली कचकन दाबायची. मणी दोरीला घट्ट बसायचा. पुढचा. पुढचा.

सर बाजेवरून उठले. तिच्यासमोर उकिडवे बसले. मला वाटलं आता ते ओरडतील. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "मंगला, तोंडात काय हाय तुह्या?"

"मणी," ती गालातल्या गालात म्हणाली.

"दातानंच काऊन दाबते?"

मंगलाच्या ऐवजी पार्बताबाई बोलल्या, अगदी अभिमानानं. "दातानंच दाबतेत जी. पकडीनं दाबलं तं दोरी कटते. दाताले समजते किती दाबायचं ते. आमच्यात लेक सासरी जाते तं आपल्या दातानं मणी बसवलेलं जाळं घेऊन जाते. माह्या मंगलाचा मणी आजपर्यंत निसटला नाई." लेकरू झालं की मंगला जे जाळं घेऊन सासरी जाणार होती, तेच हे जाळं. घरची जाळी सुकरूभाऊही असंच दातानं सांधत. शेजारीही तेच.

"चव कशी लागते?" सरांनी विचारलं. या माणसाला आत्तासुद्धा चव विचारायची सुचते याचा मला राग आला.

"थोडं गोड लागते," मंगला लाजून म्हणाली.

सरांनी तिला तोंड उघडायला सांगितलं. हिरड्यांच्या कडेला, दात जिथून सुरू होतात तिथे, निळसर काळी बारीक रेघ होती. मीही वाकून पाहिली. "आमचे सगळ्यायचे दात असेच," मंगला म्हणाली, "मच्छीवाल्यायचे." सरांनी तिच्यापुढे तळहात धरला, आणि तिनं तोंडातले तुकडे त्यावर थुंकले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. आम्ही पंपाचं पाणी तपासत बसलो होतो.

पुढचे दिवस धावपळीचे गेले. सरांनी रजा काढून बाप-लेकीला चंद्रपूरला नेलं, रक्त काढून पुढे नागपूरला पाठवलं. दोघांच्याही रक्तात शिसं निघालं, आणि मंगलाच्या रक्तात जास्त. चंद्रपूरच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं ते सरांनी बाहेर येऊन मला सांगितलं. शिसं रक्तात थोडं फिरतं आणि उरलेलं जाऊन हाडात बसतं. पोटातलं बाळ आपली हाडं घडवायला आईच्या हाडातून चुना ओढतं, तेव्हा दडलेलं शिसंही त्याच्यासोबत निघून बाळाकडे जातं. पोटुशी असताना ते काढायची औषधं देणं सोपं नाही. आजपासून एक मणी तोंडाला लावायचा नाही, दूध, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत, आणि वाट बघायची.

अहवाल घ्यायला गेलो तेव्हा मंगलाच्या सोबतीला मीही होते; परतताना बसमध्ये तिनं सरांना विचारलं. मी तिच्या शेजारीच बसले होते. "सर, माहे पहिले दोन... ते यानंच गेले का? माह्याच दातानं?"

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, नाही गं बाई. सरांनी खिडकीबाहेर बघितलं, मग तिच्याकडे बघून म्हणाले, "मले नाई माहीत, मंगला. असू शकते. नक्की कोनालेच सांगता येनार नाई."

हे खरंच होतं. पण त्या खऱ्यानं मंगला दोन दिवस जेवली नाही. ज्या दातांचं गावभर कौतुक होतं त्यांच्यावरून ती जीभ फिरवत भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिसऱ्या दिवशी पार्बताबाई तडक शाळेत आल्या, स्टाफरूमच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "सर, तुमी लई शिकेल हा. पण एक गोठ खोटी बोलले असते तं तुमचं काय बिघडलं असतं? पोरीच्या पोटात लेकरू हाय न." मी सरांची बाजू घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण मला पार्बताबाईंचं पटलं होतं.

सरांनी मग जे केलं ते त्यांच्या पद्धतीचं. त्यांनी पकड हातात घेतली. मोहल्ला म्हणत होता ते खरंच होतं, पकडीनं मणी दाबला की दोरी कापली जायची. नुसतं 'दात लावू नका' म्हणणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे त्यांना कळत होतं. दाताची अक्कल पकडीला शिकवल्याशिवाय भागणार नव्हतं. महिनाभर स्टाफरूममध्ये हाच धंदा. पकडीच्या तोंडाला सायकलची ट्यूब गुंडाळून झाली, चामडं लावून झालं. प्रत्येक वेळी ते मणी बसवून दोरी ओढून बघायचे आणि दोरी तुटली की खुश व्हायचे. "तुटली काऊन ते समजलं ना, बाई." माझ्या टेबलावर तुटक्या दोऱ्यांचा ढीग साठला, आणि एकदा तर माझ्या डब्यातली पोळी घेताना हाताला मणी लागला. त्या दिवशी मी त्यांना जे बोलले ते इथे लिहीत नाही. सरांनी डबा धुऊन दिला, दोनदा हात धुतले आणि तेव्हापासून आपलं सगळं सामान बाहेर पडवीत नेलं.

शेवटी जमलं ते सुकरूभाऊंमुळे. सरांची खटपट बघायला ते रोज यायचे, बाजूला बसून हसायचे. एक दिवस म्हणाले, "सर, दाढ सपाट नसते जी. मधात खड्डा असते." बस. सरांनी सुताराकडून बाभळीच्या लाकडाचा चिमटा करवून घेतला, त्याच्या तोंडाला दाढेसारखी खोलगट खाच पाडली. मणी बसला, दोरी शाबूत राहिली. सुकरूभाऊंनी दोरी दोन्ही हातांनी ओढायचा प्रयत्न केला. उजव्या हातात अजून जोर नव्हता, म्हणून दुसरं टोक पायाखाली धरलं. मणी निसटला नाही. मोहल्ल्यात त्या चिमट्याला 'सरची दाढ' म्हणू लागले. सर्वांनी लगेच दात सोडले असं मात्र नाही. म्हातारे म्हणाले, चिमट्याच्या जाळ्यात मच्छी येत नाही. मग सुकरूभाऊंनी चिमट्याचं जाळं फेकून मच्छी आणून दाखवली, तेव्हा म्हातारे म्हणाले, ती आंधळी असेल. पण शिसं वितळवायची चूल घरातून उठून पाळीवर गेली, आणि पोरींच्या तोंडातले मणी कमी झाले.

मंगलाचं बाळंतपण जिल्ह्याच्या दवाखान्यात झालं. मुलगी. हाताच्या ओंजळीत मावेल एवढी, वजन कमी, पण रडली. पार्बताबाईंनी शाळेत येऊन सरांच्या टेबलावर पेढे ठेवले, आणि तो राग तिथे संपला.

सरांची काळजी मात्र संपली नाही. शिसं लेकराच्या मेंदूला धरतं, ते आज दिसत नाही, पुढे दिसतं, हे त्यांना पाठ होतं. आठवड्यातून एकदा तरी काही निमित्त काढून ते सुकरूभाऊंच्या घरी जायचे. पाळण्यामागे चमचा वाजवायचे, पोर मान वळवते का बघायचे. बोट धरायला द्यायचे आणि पकड किती घट्ट ते आजमावायचे. मंगला हसायची, तिला वाटायचं, सरांना पोरीचं वेड आहे. ते वेड होतंच. पण घरी परतताना त्यांचा चेहरा उतरलेला असे. पोर उशिरा बसली, उशिरा रांगली. "कमी दिवसाची हाय, होते उशीर," मी म्हणायची. "पाहून घेऊ ना," ते म्हणायचे, आणि ते शब्द पहिल्यासारखे वाटत नसत. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे बाळाचं रक्त एकदा तपासून झालं होतं. थोडं शिसं त्यातही होतं. ते मंगलाला नीट समजलं नव्हतं. सरांनी दुधाचं, खाण्याचं, परत तपासणीचं सगळं पार्बताबाईंना समजावलं. पुढे काय होऊ शकतं ते त्यांनी फक्त मला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस एक गोष्ट माहीत असून कुणाला तरी सांगत नव्हता.

सर निवृत्त होऊन चंद्रपूरला मुलाकडे गेले. मागच्या वर्षी ते वारल्याचं त्यांच्या मुलानं फोनवर कळवलं. सरांच्या बायको, आमच्या भाभी, सांगत होत्या, शेवटच्या दिवसांत दवाखान्यातल्या सलाईनच्या स्टँडला टिचकी मारून बघायचे. सुकरूभाऊंचा हात बराच सुधारला, जाळं फेकतात, पण पूर्वीइतकं लांब नाही. मंगलाची लेक आता अंगणवाडीत जाते. चालते, पळते, बोलायला मात्र फार उशिरा लागली आणि अजून तिला एक गोष्ट चार वेळा सांगावी लागते, असं मंगलाच मला सांगते. पुढे शाळेत तिचं काय होईल मला माहीत नाही. ते जाणून घ्यायची सगळ्यात जास्त ओढ ज्याला होती तो माणूस राहिला नाही.

माझ्या डोळ्यांसमोर राहिलेले सर आहेत ते आमच्या बसथांब्यावरचे. पोर अशक्त म्हणून इतके दिवस माहेरी राहिलेल्या मंगलाला न्यायला सासरची माणसं आली होती. सासूही आली होती. नात कडेवर घेऊन ती सगळ्यांना दाखवत होती, जणू नात तिनंच आणली. तोवर निवृत्त झालेले सर चंद्रपूरहून मुद्दाम आले होते. पोर सव्वा वर्षाची, अजून उभी राहत नव्हती. सासू तिकडे गाठोडं चढवत होती, तेव्हा मंगला सरांजवळ आली. आवाज खाली घेऊन म्हणाली, "सर, तुमी हिले इतके दिवसापासून पाहून राह्यले. मले सगळं नाई समजत, पण थोडं समजते. हिले पुढं काही होईन तं नाई ना?"

मी सरांकडे बघितलं. त्या बसमधलं उत्तर मला आठवत होतं आणि त्यानंतरचे दोन दिवसही. गप्प बसा सर, असं मी मनातल्या मनात म्हणत होते.

"काही होत नाई," सर म्हणाले. "मी सांगून राह्यलो ना. एकदम चांगली होईन पोरगी. तू फक्त तिच्यासंगं बोलत राह्य. खूप बोल."

"नक्की ना जी?"

"नक्की."

मंगला रडली, हसली, वाकून त्यांच्या पाया पडली आणि बसमध्ये चढली. खिडकीतून पोरीचा हात धरून तिनं तो हलवला. सरांनीही हात हलवला. बस वळणावर दिसेनाशी झाली तरी ते रस्त्याकडेच बघत होते.

मी म्हटलं, "सर, नक्की कशावरून?"

ते माझ्याकडे वळले. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पण परत डोळ्यांवर घातला नाही. "बाई," ते म्हणाले, "आज मले काही इचारू नका."